चाळीस फेकींची यादी

१

ओडेसा फिप्सचे बूट कोरडे होते. ती जिथं पडली होती ती फरशी मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओली होती.

सकाळचे सात वाजले होते. बेल फोर्क कॉलेजच्या ट्रेनिंग रूमच्या दारात मी उकडलेल्या शेंगांची पिशवी हातात धरून उभा होतो. दर मार्चमध्ये येताना मी तिच्यासाठी शेंगा आणायचो, आणि ती दरवर्षी म्हणायची, "एल्बर्ट, स्वतःचं पोट बघ आधी." या वेळी ती काही म्हणाली नाही. बर्फाच्या स्टीलच्या टबाचा कोपरा तिच्या डोक्यामागे लागला होता आणि रक्त केव्हाच सुकून काळं पडलं होतं. एकतीस वर्षं या खोलीत तिनं पोरांचे घोटे बांधले, खांदे बसवले, रडणाऱ्यांना रडू दिलं. माझ्या मनात तिच्याबद्दल काय होतं ते मी तिला कधीच बोललो नाही, आणि आता बोलून उपयोग नव्हता.

मी एल्बर्ट गेन्स, स्काउट. एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासाठी कॉलेजातली पोरं पारखतो. पंजा किती इंचांचा, चाळीस यार्ड किती सेकंदात, चेंडू हातानं झेलतो की छातीनं, मार खाऊन उठतो की पडून राहतो. त्या दिवशी दहा वाजता बेल फोर्कच्या मैदानावर जेरिको प्लेझंटची चाचणी होती. नंबर सतरा, रिसीव्हर. मैदानाच्या कडेनं पळत सुटायचं आणि मागून आलेला चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. ते तो इतकं सुंदर करायचा की मिसिसिपीतल्या एवढ्याशा गावात बावीस संघांनी माणसं पाठवली होती.

आदल्या दिवशी दुपारी चार वाजता मी हायवेवर असताना ओडेसाचा फोन आला होता.

"एल्बर्ट, उद्या सगळ्यांच्या आधी ये. सतरा नंबरचं कार्ड दाखवायचंय."

"का गं? गुडघा?"

"गुडघा असता तर मी गप्प बसले असते. त्या पोरानं यापुढे एक दिवससुद्धा खेळता कामा नये. खेळला तर जन्मभर भोगेल. फोनवर नाही सांगत."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"एकालाच सांगणार आहे, आज संध्याकाळी. ज्याला सगळ्यात जास्त लागेल त्याला. त्यानं ते माझ्या तोंडून ऐकावं, लोकांकडून नको."

मी तिला हात न लावता पलीकडे गेलो आणि कार्डांचा खण उघडला. ओडेसाचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. प्रत्येक पोराचं कार्ड, नंबराप्रमाणे लावलेलं. पंधरा होतं, सोळा होतं. सोळाच्या मागे अठरा.

२

शेरीफ बोनिटा टॅकेट पन्नाशीची, जाडसर, कमी बोलणारी बाई. तिनं खोली पाहिली, मला पाहिलं आणि टोपी काढली.

"घसरली बिचारी," ती म्हणाली.

"बुटांचे तळवे बघा, शेरीफ. धावपट्टीची तांबडी माती सुकून चिकटलीये. पाण्यावरून घसरली असती तर ती धुऊन गेली असती. पाणी नंतर आलंय."

"टबातून सांडलं असेल."

"टब कोरडा आहे. दुसऱ्या दिवशी पळायचं असेल तर आदल्या दिवशी कोणी बर्फात बसत नाही, पाय आखडतात. काल तो भरलाच नव्हता. कोणीतरी बादलीनं पाणी ओतलं."

तिनं खाली वाकून तळवे पाहिले. बराच वेळ पाहिले. तेवढ्यात तिच्याबरोबर आलेला डॉक्टर उठला आणि हात पुसत म्हणाला, की मार संध्याकाळी साडेसहा-सातला बसला असावा, आणि लगेच गेलेली नाही. तासभर तरी जीव होता.

मी शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली.

"मिस्टर गेन्स," शेरीफ शेवटी म्हणाली, "बुटाच्या तळव्यावर मी कोणाला बेड्या घालू? माझ्याकडे नाव नाही, कारण नाही."

"प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. पोराबद्दल मी त्याच्या कोचला विचारतो, भटारखान्यातल्या बाईला विचारतो, झाडूवाल्याला विचारतो. आज कोणाला काही वेगळं वाटणार नाही."

"आज? आज चाचणी रद्द होईल."

मी तिला म्हटलं, तुम्ही फुटबॉलची माणसं ओळखत नाही.

खरंच रद्द झाली नाही. मुख्य कोच बक हॅनिगन आठ वाजता आला, टोपी छातीशी धरून दारात उभा राहिला, आणि सव्वाआठला म्हणाला, "ओडेसाला हेच आवडलं असतं." मेलेल्या माणसाला काय आवडलं असतं हे जिवंत माणसांना फार लवकर कळतं.

३

हॅनिगनला मी त्याच्या ऑफिसात गाठलं. ऐंशी किलोंचा माणूस होता, एकशे वीस झालाय. भिंतीवर जिंकलेल्या सामन्यांचे चेंडू मांडलेले.

"तुझं आणि ओडेसाचं बिनसलं होतं म्हणतात."

"कोणाचं नव्हतं बिनसलं तिच्याशी?" तो डोळे चोळत म्हणाला. "ऑक्टोबरात जेरिकोच्या डोळ्यात समोरच्याचं बोट गेलं. ती म्हणाली, एक महिना बसव. मी म्हटलं, तू पट्ट्या बांध, फुटबॉल मला कळतो. पुढच्या आठवड्यात पोरगा खेळला, दोनदा चेंडू घेऊन पार गेला. संपला विषय."

"काल संध्याकाळी ती तुला काही सांगायला आली?"

"काल संध्याकाळी मी चर्चच्या कॅटफिश माशाच्या जेवणात होतो. शंभर माणसं होती, त्यातल्या निम्म्यांना मी वाढलं. का? काय सांगायचं होतं तिला?"

"जेरिकोबद्दल वाईट बातमी. ज्याला सगळ्यात जास्त लागेल त्याला सांगते म्हणाली."

"मग मलाच सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "वीस वर्षांत या कॉलेजातून एक पोरगा व्यावसायिक संघात गेला नाही. मला नाही लागणार तर कोणाला?"

जेरिकोचा एजंट सायलस क्रो पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा होता. चकचकीत बूट, दाढी कोरलेली. झाडूवाल्यानं त्याला काल सहा वाजता ट्रेनिंग रूमच्या दारात पाहिलं होतं. मी आडपडदा न ठेवता विचारलं.

"गेलो होतो," तो म्हणाला. "पोराच्या घोट्याची पट्टी आणायला. तिनं मला दारातूनच हाकललं. म्हणाली, उद्या बोल, आज मी कोणाची तरी वाट बघतेय."

"कोणाची?"

"म्हातारबा, तिनं सांगितलं असतं तर मी तुम्हाला सांगितलं नसतं का? तिथून मी जेरिकोला घेऊन मेम्फिसला गेलो, त्याचा सूट शिवायला टाकलाय. साडेसहाला शिंपी त्याच्या छातीचं माप घेत होता. फोन करा त्याला." मग त्यानं मला नीट बघितलं. "वाईट बातमी आहे का काही? कारण असली तर सगळ्यात जास्त मला लागेल. या पोरावर मी सगळं लावलंय."

मी मेम्फिसला फोन केला. शिंप्याला छातीचं माप तोंडपाठ होतं.

म्हणजे ज्यांनी ज्यांनी आपल्यालाच लागेल असं मला सांगितलं, त्यातलं कोणीच त्या वेळी तिथं नव्हतं. मग तिथं कोण गेलं होतं?

४

उरला डेल रे थिगपेन, रिसीव्हरांचा कोच. वय एकोणतीस. जेरिकोची आई वारली तेव्हा पोरगा चौदा वर्षांचा होता. तेव्हापासून तो थिगपेनच्या सोफ्यावर झोपत आला. चेंडू कसा धरायचा हे त्याला थिगपेननं शिकवलं. कॉलेजचा चेंडू फेकणारा पोरगा हात मोडून बसल्यामुळे आज फेकणारही थिगपेनच होता.

आणि हेही सांगून टाकतो. सात वर्षांपूर्वी थिगपेन स्वतः याच मैदानावर चाचणीला उभा होता. त्याच्यावर मी एक ओळ लिहिली होती: 'हात चांगले, पाय संथ, घेऊ नये.' कोणी घेतलं नाही.

मी गेलो तेव्हा तो मैदानाच्या कडेला शंकू मांडत होता. डोळे लाल झाले होते.

"झोप नाही लागली," तो म्हणाला. "मिस ओडेसानं माझासुद्धा गुडघा बांधलाय, मिस्टर गेन्स. चार वर्षं."

"काल शेवटचं कधी पाहिलंस?"

"दुपारी. धावपट्टीवर होती, पोरांबरोबर. मग मी घरी गेलो."

"जेरिकोला काही झालंय का रे? दुखणं, जुनी इजा?"

"काहीच नाही. घोड्यासारखा आहे. तुम्ही बघालच." त्यानं मला यादी दिली. "आजची फेकयादी. चाळीस फेकी."

चाचणीत कोणती फेक कुठं जाणार हे आधी ठरलेलं असतं. यादी आठवडाभर आधी सगळ्या स्काउटांना येते, म्हणजे प्रत्येक आकड्यासमोर आपल्याला टिपण करता येतं. चाचणीच्या दिवशी पुन्हा हातात देतात. लोक जुनी फेकून नवी घेतात. माझी खोड अशी की मी कागद टाकत नाही.

दहा वाजता ओडेसासाठी सगळ्यांनी एक मिनिट मान खाली घातली. मिनिट झालं की नाही हे बावीस जणांच्या हातातल्या घड्याळांनी मोजलं, आणि त्याच घड्याळांनी मग जेरिकोची धाव मोजली. चार पूर्णांक अडतीस शतांश सेकंद. कोणीतरी शीळ घातली.

मग फेकी सुरू झाल्या. जेरिको पहिल्या फेकीसाठी उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"डावीकडे!" थिगपेन ओरडला. "डावीकडे ये!"

पोरगा गोंधळला, हातातल्या आठवड्यापूर्वीच्या कागदाकडे बघून पळत डावीकडे गेला. पुढचे चाळीसच्या चाळीस चेंडू त्यानं झेलले. बोटांच्या टोकांनी, मांडीजवळ, पडत पडत, हवेत उलटा वळून. माझ्या शेजारचा स्काउट म्हणाला, "गेन्स, हे हात मी घरी नेणार." मी खिशातून जुनी यादी काढली आणि नवीशेजारी धरली.

५

जुन्या यादीत वीस फेकी उजव्या बाजूला होत्या, वीस डाव्या. नव्या यादीत चाळीसही डाव्या बाजूला.

थिगपेन चेंडू गोळा करत होता. मी जवळ गेलो.

"यादी का बदललीस?"

"सूर्य," तो चटकन म्हणाला. "सकाळी उजवीकडे उभं राहिलं की डोळ्यात ऊन येतं."

"मैदान उत्तर-दक्षिण आहे, डेल रे. पहिल्या वीस फेकींना पोरगा उत्तरेकडे पळाला. डावीकडे म्हणजे पश्चिमेला. तिथून वळून चेंडू बघायचा तर पूर्वेला बघायचं. वीसच्या वीस चेंडू त्यानं सूर्यात बघून झेलले. उन्हासाठी तू यादी बदलली असतीस तर उत्तरेकडे जाताना त्याला उजवीकडे उभं केलं असतंस."

तो हातातला चेंडू फिरवत राहिला.

"डावीकडे उभा राहणाऱ्याला चेंडू उजवीकडून येतो," मी म्हटलं. "तो डाव्या डोळ्यानं बघावाच लागत नाही. ऊन चालेल, पण डावा डोळा नको, असं तू ठरवलंस. त्याच्या डाव्या डोळ्याला दिसत नाही, हे तुला कळलं होतं. कधी कळलं? आठवड्यापूर्वी कळलं नव्हतं, नाहीतर जुनी यादी तशी गेलीच नसती. पोरानं सांगितलं नाही, कारण पोराला यादी बदललेली ठाऊकच नव्हती, तो उजवीकडे गेला. ओडेसानं काल संध्याकाळी एकालाच सांगितलं. ज्याला सगळ्यात जास्त लागेल त्याला."

कुंपणापलीकडे शेरीफ टॅकेट उभी होती. तिला मी यादी बघताच बोलावलं होतं. ती जवळ आली नाही, पण ऐकत होती.

थिगपेन खाली बसला. चेंडूंच्या पिशवीवरच बसला.

"ढकललं नाही मी तिला," तो म्हणाला. "कार्ड ओढलं. ती सोडेना. म्हणाली, दुसरा डोळाही तसाच आहे, पडदा पातळ आहे, एक मार बसला की तोही जाईल. मी म्हटलं, मिस ओडेसा, फक्त एप्रिलातली ड्राफ्ट, संघांची निवड, होऊ दे, मग मी स्वतः त्याला थांबवतो. ती म्हणाली, तू नाही थांबवणार, कोणी थांबवत नाही. मी जोरात ओढलं. कार्ड फाटलं. ती मागे गेली."

"जीव होता तिच्यात."

त्यानं हातातला चेंडू गवतावर ठेवला.

"तासभर होता, डेल रे. फोन तिथंच भिंतीवर होता. काय करत होतास तू?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"यादी बदलत होतो," तो म्हणाला.

६

शेरीफनं त्याला नेलं तेव्हा बाकीचे स्काउट विमानतळाच्या वाटेला लागले होते. फाटक्या कार्डाचे दोन तुकडे थिगपेनच्या पाकिटात सापडले. त्यानं ते जाळले नव्हते. त्यावर ओडेसाच्या गोल अक्षरात सगळं होतं: ऑक्टोबरातलं बोट, नोव्हेंबरात जॅक्सनच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडची भेट, उजव्या डोळ्याचा इशारा, आणि खाली एक ओळ, 'सीझन संपेपर्यंत गप्प राहीन असं पोराला वचन दिलं. चुकलं माझं.'

जेरिको पायऱ्यांवर एकटाच बसला होता, घोट्याच्या पट्ट्या अजून बांधलेल्याच. आज त्या त्यानं स्वतः बांधल्या होत्या, वेड्यावाकड्या. मी त्याच्या डाव्या बाजूनं गेलो आणि हातातला चेंडू हळूच त्याच्याकडे टाकला. तो त्याच्या खांद्यावर आपटला तेव्हा त्याला कळलं.

त्यानं मान पूर्ण वळवून मला पाहिलं.

"तक्ता पाठ केला होतास?" मी विचारलं. "डोळे तपासायच्या अक्षरांचा?"

"तीन तक्ते असतात, मिस्टर गेन्स. तिन्ही." मग जरा थांबून, "कोच थिगपेनला माहीत होतं?"

"काल कळलं."

"मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला फार लागलं असतं." त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले. ते हात मी जवळून पहिल्यांदाच पाहिले, लांब, शांत हात. "मी ठरवलं होतं, उजवीकडचे दोनतीन सुटले तर ऊन आलं म्हणायचं. पण तो डावीकडे ये म्हणून ओरडला. आणि मग सगळेच डावीकडे आले. मला वाटलं, देव पावला."

मी त्याच्या शेजारी बसलो, त्याच्या उजव्या बाजूला.

"ते कार्ड शेरीफकडे राहील," तो म्हणाला. "बाकीचे एकवीस गेले. तुम्ही एकटेच आहात. तुम्ही लिहिलं नाही तर एप्रिलात माझं नाव पुकारतील. एकच वर्ष. एका वर्षात मी—" तो थांबला. "माझ्याकडे दुसरं काही नाहीये. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. त्याच्यासाठी एक बाई मेली होती आणि एक माणूस तुरुंगात चालला होता, आणि अजूनही त्याला फक्त पळायचं होतं. वय एकवीस. खरं तर मलाही त्याला पळताना बघायचं होतं. पस्तीस वर्षांत इतक्या मनापासून मला कोणाला निवडावंसं वाटलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी मी एका पोराचं नाव एका ओळीत पुसलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते मी नुकतंच पाहिलं होतं. त्याच्या बाबतीत मी चुकलो नव्हतो. पाय संथच होते.

मी फॉर्म मांडीवर घेतला आणि त्याच्यासमोरच लिहिला. वेग. उडी. मार्ग. हात. मग शेवटचा रकाना. लिहून झाल्यावर मी तो त्याच्याकडे दिला, कारण ओडेसानं तसंच केलं असतं.

त्यानं कागद उजव्या डोळ्यासमोर धरला. हातांच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'असे मी पाहिलेले नाहीत.' खाली, 'डाव्या डोळ्याला दृष्टी नाही. उजवा जाईल. कोणीही घेऊ नये. प्रत सगळ्या संघांना.'

तो शेवटपर्यंत वाचत गेला, मग पुन्हा वर गेला.

"हातांचं खरं लिहिलंय का?" त्यानं विचारलं.

"सगळं खरं लिहिलंय," मी म्हटलं.

त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्याकडे परत केली. मग वाकून घोट्यांच्या पट्ट्या सोडायला लागला. डाव्या पायाची गाठ त्याला सापडत नव्हती, म्हणून ती मी सोडली.